संगणकाची अपुरी स्मृती आणि ‘स्वॅप’ची व्यवस्था : एक अभ्यास

(बी. ए. तृतीय वर्ष, इतिहास)

संगणक म्हटले की वेग हा गुण आपण गृहीतच धरतो. माणसाला महिनाभर लागणारे काम हे यंत्र क्षणात करते, असे शाळेपासून आपण ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात मात्र आपल्या संगणक कक्षात बसलेल्या विद्यार्थ्याचा अनुभव निराळा असतो. एक खिडकी उघडून दुसरीकडे जावे, तर पडदा गोठतो, उंदीर हलत नाही, हार्ड डिस्कचा दिवा मात्र अखंड लुकलुकत राहतो. हे का होते व त्यावर पदरचा पैसा न खर्चता काही उपाय करता येतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संगणकशास्त्र हा माझा अभ्यासविषय नव्हे. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासामुळेच मला या विषयाकडे वळावे लागले. आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, हे आपण जाणतोच. याआधीही वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता आणि तो १९०५ मध्ये मोडला गेला, हे तितकेसे परिचित नाही. त्यामुळे येथील जुना इतिहास पाहावयाचा तर १९१० साली प्रसिद्ध झालेले अकोला जिल्ह्याचे गॅझेटियर उघडावे लागते. त्याची छायाप्रत एका खिडकीत, टिपणांचा मराठी मजकूर दुसरीत आणि शोधासाठी ब्राउझर तिसरीत, एवढे उघडले की चार गिगाबाइट स्मृतीचा संगणक मान टाकतो.

प्रश्न केवळ माझ्या टिपणांचा नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. आपल्या कक्षातील जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणून त्यांपैकी काहींवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसविण्यात आली. पण ती बसवूनही मंदपणा पुरता गेला नाही, तेव्हा ‘हे भंगारातच काढा’ असा सूर निघू लागला. ज्यांच्या घरी संगणक नाही, जे रोज एस.टी.ने मालेगाव, रिसोड, मानोऱ्याकडून येतात, त्यांच्यासाठी कक्षातील एक संगणक कमी होणे म्हणजे प्रकल्प टंकण्याची रांग वाढणे होय. भंगाराचा निर्णय घेण्यापूर्वी आजाराचे निदान झाले पाहिजे, एवढीच या लेखामागची भूमिका आहे.

१. टेबल, कपाट आणि पेटी

आपल्या ग्रंथालयातील अभ्यासिकेची कल्पना करा. तुमच्यासमोर एक टेबल आहे. कपाटांत हजारो पुस्तके आहेत, पण वाचावयाचे ते पुस्तक टेबलावर आणल्याखेरीज वाचता येत नाही. संगणकातील रॅम म्हणजे हे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाट.

टेबलावर दोन प्रकारच्या वस्तू असतात. पहिली, कपाटातून आणलेली पुस्तके. जागा हवी झाली तर पुस्तक नुसते उचलून घेतले तरी भागते, कारण त्याची प्रत कपाटात आहेच. दुसरी वस्तू म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेले सुटे कागद. त्यांची प्रत कपाटात कोठेही नाही. ते टेबलावरून हलवायचे तर वेगळ्या पेटीत जपून ठेवावे लागतात. ही पेटी म्हणजेच ‘स्वॅप’. डिस्कवर राखून ठेवलेला हा एक भाग असतो, आणि टेबलावर न मावणारे कागद तेथे जातात.

लिनक्सही स्मृतीचे तुकडे ‘पान’ या नावानेच मोजते. नेहमीच्या संगणकात एक पान चार किलोबाइटचे असते. म्हणजे चार गिगाबाइटमध्ये सुमारे साडेदहा लाख पाने झाली. यांपैकी कोणते टेबलावर ठेवायचे आणि कोणते उचलायचे, हे ठरविण्याचे काम प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, अहोरात्र करीत असतो. त्याला आपण ग्रंथपाल म्हणू.

आता वेगातील अंतर पाहा. रॅममधील पान मिळण्यास सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या हार्ड डिस्कला तेच पान शोधून आणावयास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. फरक लाखपटीचा आहे. टेबलावरचा कागद उचलण्यास एक सेकंद लागतो असे मानले, तर पेटीतला कागद येण्यास सुमारे २८ तास लागतील. आज सकाळी दहाला मागितलेला कागद उद्या दुपारी दोनच्या सुमारास हाती पडावा, तसे हे झाले. नव्या एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये हीच वेळ सुमारे सतरा मिनिटांवर येते. पेटी कोठे ठेवली आहे याला किती महत्त्व आहे, ते यावरून ध्यानात यावे.

२. थोडा पूर्वेतिहास

अपुऱ्या स्मृतीची अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. त्याची स्मृती चाळीस बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे दहा किलोबाइट होती. प्रस्तुत लेखसुद्धा आजच्या युनिकोड पद्धतीने तीत मावला नसता.

इंग्लंडमध्ये मॅन्चेस्टर विद्यापीठातील टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ॲटलास’ या संगणकात (१९६२) यावर तोड काढली. वेगवान पण लहान स्मृती आणि मंद पण मोठे ड्रम या दोहोंना त्यांनी एकाच सलग साठ्याचे रूप दिले. पाने आत-बाहेर नेण्याचे काम यंत्रच करू लागले आणि कार्यक्रम लिहिणाराला त्याची चिंता उरली नाही.

लिनक्समध्ये ही सोय कशी आली, ती हकिगत तर विशेष बोलकी आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स लिहावयास घेतले. एका वापरकर्त्यापाशी केवळ दोन मेगाबाइट रॅम होती व तेवढ्यात त्याला कर्नेल संकलित करता येईना. त्याची अडचण दूर करण्यासाठी टोरवाल्ड्स यांनी १९९१ च्या नाताळात डिस्कवर पाने उतरविण्याची व्यवस्था लिहिली आणि जानेवारी १९९२ च्या आवृत्तीत ती आली. म्हणजे लिनक्समधील ही व्यवस्था मुळात लहान यंत्रावर काम करणाऱ्या माणसासाठीच जन्मली, असे म्हणावयास हरकत नाही.

३. मळणीयंत्र मोकळे फिरते तेव्हा

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. पेटी इतकी मंद असेल, तर ती ठेवावीच कशाला? याचे उत्तर अमेरिकन संशोधक पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये दिलेल्या कल्पनेत सापडते. कोणताही कार्यक्रम आपली सगळी पाने सतत वापरीत नाही. एखाद्या वेळी त्यातील थोडीच पाने खरोखर कामात असतात. या पानांना डेनिंग ‘कार्यरत संच’ म्हणतात. बाकीची पाने टेबलावर नुसती जागा अडवितात. ती पेटीत गेली तर कोणाचेच बिघडत नाही. उलट टेबल मोकळे होते.

परंतु उघडलेल्या सर्व कार्यक्रमांचे कार्यरत संच मिळूनच टेबलापेक्षा मोठे झाले, तर मात्र अनर्थ होतो. एक कागद आणण्यासाठी दुसरा पेटीत टाकावा, तोच लगेच दुसरा हवा व्हावा, त्यासाठी पहिला पुन्हा पेटीत जावा! प्रक्रियक वाट पाहत बसतो आणि डिस्क धावत राहते. या अवस्थेला इंग्रजीत ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. या शब्दाचे मूळ मळणीचेच आहे. सोयाबीनच्या हंगामात यंत्र धडधडत आहे, भुसा उडतो आहे, आणि पोत्यात दाणा मात्र पडत नाही, अशी ही मळणी समजावी.

एक साधा हिशेब करू. पेटीत गेलेला २०० मेगाबाइट मजकूर परत आणावयाचा आहे. म्हणजे ५१,२०० पाने झाली. लिनक्स सामान्यतः एका फेरीत शेजारशेजारची आठ पाने आणते. ती आठही कामाची निघाली असे मानले, तरी ६,४०० फेऱ्या होतात. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर फेऱ्या करते असे धरल्यास ६४ सेकंद लागतील. खिडकी बदलल्यावर पडदा मिनिटभर का गोठतो, त्याचे गणित हे असे आहे.

४. ‘साठ’ या आकड्याचा अर्थ

टेबलावर जागा करायची वेळ आली की ग्रंथपालाने पुस्तके उचलावीत की कागद? हा कल ठरविणारा आकडा म्हणजे ‘स्वॅपिनेस’. बहुतेक लिनक्स प्रणालींत तो ६० असतो. पूर्वी त्याची मर्यादा शून्य ते शंभर होती. २०२० मध्ये आलेल्या कर्नेलच्या ५.८ या आवृत्तीपासून ती दोनशेपर्यंत वाढविली आहे.

या आकड्याविषयी गैरसमज फार आहेत. साठ टक्के स्मृती भरली की स्वॅप सुरू होते, असे अनेक जण सांगतात. ते खरे नाही. हा आकडा तुलनेचा आहे. ६० ठेवला तर सुट्या कागदांच्या बाजूने ६० आणि पुस्तकांच्या बाजूने १४० असे पारडे असते. म्हणजे उचलताना पुस्तकांवर हात आधी जातो. १०० ठेवला तर दोन्ही पारडी समान होतात. शून्य ठेवल्याने पेटी बंद होत नाही. अगदी निकराची वेळ येईपर्यंत तिच्याकडे वळू नये, एवढाच त्याचा अर्थ.

‘स्वॅपिनेस दहा करा, संगणक पळू लागेल’ हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. तो सरसकट का पाळू नये, हे समजण्यासाठी टेबलावरची पुस्तके कोणती, ते पाहिले पाहिजे. आपण उघडलेल्या फाइली त्यांत असतात हे खरे. पण ब्राउझर, लिबरऑफिस या कार्यक्रमांचा स्वतःचा आज्ञामजकूरदेखील डिस्कवरील फाइलींतूनच आलेला असतो. तोही पुस्तकांतच मोडतो! आकडा फार खाली आणला तर ग्रंथपाल सुटे कागद घट्ट धरून ठेवतो आणि चालत्या कार्यक्रमाची पानेच उचलू लागतो. ती पुढच्या क्षणी पुन्हा कपाटातून आणावी लागतात. पेटीकडची धाव थांबली, पण कपाटाकडची सुरू झाली; विद्यार्थ्याला पडदा गोठलेलाच दिसतो.

स्वॅप अजिबात काढून टाकणे तर अधिकच धोक्याचे आहे. जागा उरलीच नाही की कर्नेल एखादा मोठा कार्यक्रम सक्तीने बंद करतो. तो कार्यक्रम म्हणजे जतन न केलेला आपला निबंध असू शकतो.

५. आधी मोजावे, मग बदलावे

म्हणून पहिली पायरी मोजणीची. छपाईच्या सोयीसाठी आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात. त्यांचा तक्ता मी संगणक कक्षाच्या फलकावर लावला आहे.

‘फ्री’ ही आज्ञा दिली की स्मृतीचा ताळेबंद दिसतो. त्यातील ‘फ्री’ हा रकाना लहान दिसला म्हणून घाबरू नये. लिनक्स रिकाम्या जागेत पूर्वी वाचलेल्या फाइली ठेवून देते आणि गरज पडताच ती जागा सोडते. पाहावयाचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना. तो पुरेसा असेल तर आजार स्मृतीचा नाही. मंदपणाचे कारण अन्यत्र शोधावे व स्वॅपच्या आकड्यांना हात लावू नये.

दुसरी आज्ञा ‘व्हीएमस्टॅट १’. ती दर सेकंदाला एक ओळ लिहिते. पहिली ओळ संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, म्हणून ती सोडून द्यावी. ‘एसआय’ हा रकाना पेटीतून आलेला माल सांगतो आणि ‘एसओ’ पेटीत गेलेला. ‘बीआय’ म्हणजे डिस्कवरून एकूण वाचलेले, आणि ‘डब्ल्यूए’ म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात प्रक्रियकाचा गेलेला वेळ. स्वॅपमध्ये बराच मजकूर आहे, पण एसआय व एसओ शून्याजवळ आहेत, अशी स्थिती निरोगी समजावी. निजलेली पाने पेटीत निजली आहेत, इतकेच. दोन्ही रकाने सतत भरते आणि डब्ल्यूए चढलेला, ही मोकळी मळणी. एसआय लहान पण बीआय आणि डब्ल्यूए मोठे, तर कार्यक्रमांची पाने उचलली जात आहेत असा संशय घ्यावा.

बदल करताना ‘सुडो सिससीटीएल’ या आज्ञेपुढे ‘व्हीएम.स्वॅपिनेस’ आणि हवा तो आकडा द्यावा. संगणक पुन्हा सुरू केला की जुना आकडा परत येतो, त्यामुळे प्रयोगास भीती नाही. एका वेळी एकच बदल करावा, त्याच तीन खिडक्या उघडाव्यात आणि रकाने वहीत उतरवून घ्यावेत. उपयोग ठरला तरच ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘सिससीटीएल.डी’ येथे लहानशी फाइल लिहून तो कायम करावा.

६. घडी घातलेले कागद

आपल्या कक्षातील संगणकांचे दुखणे तिसऱ्या भागात सांगितलेलेच होते : टेबल लहान आणि पेटी फिरत्या डिस्कवर. अशा ठिकाणी आकडा वरखाली करून फारसे साधत नाही. पेटीच जवळ आणणे हा खरा उपाय, आणि तो ‘झेडरॅम’ या सोयीने करता येतो.

झेडरॅम म्हणजे रॅमच्याच एका कोपऱ्यात केलेली पेटी. तीत जाणारे पान दाबून, घडी घालून ठेवले जाते. मजकुराच्या स्वरूपाप्रमाणे ते मूळच्या निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्श्यात मावते. कागद टेबलाबाहेर जात नाही. केवळ घडी करून कडेला ठेवला जातो. उलगडण्यास प्रक्रियकाला थोडे श्रम पडतात, पण डिस्कच्या फेरीपुढे ते नगण्य आहेत. ही सोय २०१४ मध्ये कर्नेलच्या ३.१४ या आवृत्तीत पक्की झाली. फेडोरा या लिनक्सच्या ३३ व्या आवृत्तीपासून (२०२०) ती आपोआप चालू असते. डेबियन व उबुंटूवर ‘झेडरॅम-टूल्स’ हे पॅकेज बसवून ती मिळते. आकार रॅमच्या निम्मा ठेवण्याचा प्रघात आहे. डिस्कवरची जुनी पेटी काढू नये. तिला दुय्यम क्रम द्यावा, म्हणजे कोपरा भरल्यावरच तिकडे धाव जाईल.

आता स्वॅपिनेसच्या आकड्याचा न्याय उलटा होतो. पेटी कपाटापेक्षा वेगवान झाली, तेव्हा पुस्तके हलविण्यापेक्षा कागदांना घडी घालणे स्वस्त पडते. कर्नेलच्या दस्तऐवजात याचे सूत्रच आहे. पेटी कपाटाच्या दुप्पट वेगवान असेल तर दोनशेचे एकास दोन असे भाग करावेत. मोठा भाग १३३ येतो, तोच आकडा ठेवावा. झेडरॅमसाठी शंभराहून मोठा आकडा योग्य ठरतो, असा याचा आशय. शिवाय येथे शेजारची आठ पाने आणण्यात लाभ नसल्याने ‘पेज-क्लस्टर’ हा आकडा शून्य करावा. ‘दहा करा’ हा सल्ला झेडरॅम असलेल्या यंत्रावर पाळला, तर मिळालेले औषध न घेता बाटली कपाटात ठेवल्यासारखे होईल.

कक्षातील चार गिगाबाइटच्या संगणकांवर ही मांडणी करून मी गॅझेटियर, टिपणे आणि ब्राउझर एकत्र उघडून पाहिले. खिडकी बदलताना पडदा गोठणे थांबले. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की एसआय-एसओचे आकडे कमी न होता वाढले, कारण झेडरॅममधील ये-जाही त्यांतच मोजली जाते. उतरला तो डब्ल्यूए. एकाच रकान्यावर विसंबून निष्कर्ष काढू नये, हा धडा त्यातून मिळतो.

७. मर्यादा

या उपायाने नवी स्मृती निर्माण होत नाही. कक्षातील दोन गिगाबाइटच्या संगणकात ब्राउझरचा कार्यरत संच घडी घालूनही मावत नाही. तेथे कोणताही आकडा बदलून गुण येणार नाही. त्यावर केवळ मराठी टंकलेखन करावे, अथवा रॅम वाढवावी. जेथे खर्च शक्य आहे तेथे रॅम आणि एसएसडी हेच उत्तम उपाय होत. तसेच वीज गेली की झेडरॅममधील मजकूर नाहीसा होतो. म्हणून स्मृतीचा साठा डिस्कवर उतरवून संगणक पूर्ण बंद करण्याची सोय, म्हणजे हायबरनेशन, तिच्या आधारे चालत नाही. त्यासाठी डिस्कवरील पेटीच लागते.

‘व्हीएफएस कॅश प्रेशर’ नावाच्या आणखी एका आकड्याचा गाजावाजा होतो. फाइली-फोल्डरांच्या नोंदी किती काळ लक्षात ठेवाव्यात, एवढेच तो ठरवितो. तो नेमाने १०० असतो आणि आपल्या कामापुरता तसाच राहू द्यावा.

समारोप

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ६०, १० किंवा १३३ यांपैकी कोणताही आकडा स्वतः चांगला अथवा वाईट नाही. टेबल केवढे, पेटी कोठे आणि काम कोणते, यांवर त्याचे बरेवाईटपण ठरते. इतिहासात आपण साधन तपासल्याखेरीज विधान करीत नाही; यंत्राच्या बाबतीतही तीच शिस्त उपयोगी पडते.

आज्ञा देण्याची सवय नसलेल्या मित्रांनी मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमातील मराठी पाठ पाहावेत. प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती अशी की, भंगाराच्या यादीत एखादा संगणक घालण्यापूर्वी त्यावर दहा मिनिटे ‘व्हीएमस्टॅट’ चालवून पाहावे. चार गिगाबाइटच्या यंत्रांत अजून बरेच काम शिल्लक आहे. दोन गिगाबाइटच्या यंत्रांची यादी मी वेगळी करून ठेवली आहे. त्यांच्यासाठी रॅमची तरतूद होऊ शकली, तर पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांची रांग तेवढी कमी होईल.